तुमच्या नावानं दिलेलं मंजन

अण्णा, तुमच्या नावाला माझ्या हातून बट्टा लागला आहे. तो कसा लागला हे दुसऱ्या कुणाला सांगायच्या आधी तुम्हाला सांगावं, म्हणून ही वही घेऊन बसलो आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षांच्या वर झाली. तेव्हा माझा मुलगा रांगत होता. आता त्याची मुलगी नोकरीला जाते. तुम्ही मला शाळेत घातलंत, सहावीनंतर मीच गेलो नाही, त्यामुळं लिहिण्यात चुका होतील. पण तुम्हाला तर वाचताच येत नव्हतं, हे आठवलं की थोडा धीर येतो. वही नातीची आहे, कॉलेजातली, मागची पानं कोरी राहिली होती. दुपारची वेळ आहे. मुलगा कामावर गेलाय, सूनबाई रानात आहे, आणि माझी बायको शेजारी शेंगा फोडायला गेली आहे. ती यायच्या आत जेवढं होईल तेवढं लिहितो. तिनं पाहिलं तर काय लिहिताय म्हणून विचारील, आणि तिनं विचारलं की मला थाप मारता येत नाही.

आधी नातीचं सांगतो. ती तुळजापुरात एका लॉजच्या काउंटरवर बसते. सकाळी फाट्यावरून बस धरते, संध्याकाळी त्याच बसनं परत येते. देवीला आलेल्या माणसांची नावं रजिस्टरात लिहायची, आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायची, खोलीची किल्ली द्यायची, गरम पाणी किती वाजता येतं ते सांगायचं, असं काम आहे. पोरगी चुणचुणीत आहे. तुमच्यावर गेली आहे असं माझी बायको म्हणते, चालण्यात आणि रागातही. फक्त तिच्या पुढच्या दातांवर लहानपणापासून पिवळे-तपकिरी डाग आहेत. आपल्या गावच्या पुष्कळ पोरांना आहेत. तुमच्या वेळी आपण आडाचं पाणी प्यायचो. पुढं आड आटले, बोअर पाडलं, आणि त्या बोअरची मोटार चालू-बंद करायला ग्रामपंचायतीनं मला ठेवलं. सव्वीस वर्षं मी ते बटण दाबलं. डाग त्या पाण्यानं पडतात हे मला फार उशिरा कळलं. कळल्यापासून कुठलंही पोर माझ्याकडं बघून हसलं की माझी नजर आधी त्याच्या दातांवर जाते. ही खोड काही केल्या जात नाही.

गेल्या वर्षी लॉजच्या मालकीणबाई तिला म्हणाल्या, “अगं पोरी, देवीच्या दारात आलेली माणसं हाईत ती. जरा हसून बोलत जा की. तोंडावर हात काय ठेवतीस सारखा, जांभई आल्यावानी?” नातीनं घरी येऊन ते मालकीणबाईंचा आवाज काढून सांगितलं आणि आम्ही सगळे हसलो. तीही हसली. तोंडावर हात ठेवून हसली. ते मी पाहिलं आणि मला रात्रीचं जेवण गेलं नाही. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. दुसऱ्याच्या पायात काटा मोडला तर मी लंगडत चालतो आणि करत मात्र काही नाही, असं तुम्हीच म्हणायचा.

चार-आठ दिवसांनी ती मोबाईल घेऊन माझ्याजवळ आली. “आबा, हे बघा. सात दिवसांत दात मोत्यासारखे. मागवू का? सगळं झाडपाल्याचं हाय. कोळसा, लिंबाची साल, कडुलिंब, लवंग. काय अपाय न्हाय म्हणतेत.” मोबाईलवर एक बाई काळं तोंड करून दात घासत होती आणि मग चूळ भरून पांढरंशुभ्र हसत होती. मला त्या वेळी गप्प बसता आलं असतं. पण म्हातारपणी घरात आपल्याला कुणी काही विचारत नाही अण्णा, आणि विचारलं की तोंड आवरत नाही. मी म्हणालो, “ते बाहेरचं कशाला? तुझ्या पणजोबांच्या हातचं मंजन अख्खं गाव वापरत हुतं. तामलवाडीची माणसं डबे घेऊन यायची. मी करून देतो तुला.”

ती एवढी खूष झाली की विचारू नका. “पणजोबांचं? तुम्हाला येतं?” मी म्हणालो, “येतं म्हंजे काय. लहानपणापासून बघितलंय.”

बघितलं होतं, हे खरं आहे. तुम्ही मेंढरांच्या मागं डोंगराला जायचा आणि येताना बाभळीची साल आणायचा. ती अंगणात जाळायची, धगधगली की मातीनं दाबायची, राख होऊ द्यायची नाही. मग उखळात कुटायची, धोतराच्या फडक्यातून गाळायची. एवढ्यानं दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं. तुम्ही मात्र ती पूड डेऱ्यातल्या पाण्यात टाकायचा, ढवळायचा आणि थोडं थांबायचा. जड कण तळाला बसले की वरचं काळं पाणी हलक्या हातानं दुसऱ्या डेऱ्यात ओतायचा. ते पाणी झाकून आतल्या कोपऱ्यात ठेवायचं, तिकडं कुणी फिरकायचं नाही. त्याच्या तळाशी लोण्यासारखा जो गाळ बसेल तेवढाच वाळवायचा आणि त्यात तुरटी, मीठ, लवंग जराजरा. पहिल्या डेऱ्यातलं खरबरीत सगळं उकिरड्यावर. एवढी साल जाळून हातात ओंजळभर यायचं. लोकांना देताना तुमचा एकच नेम असायचा: फक्त बाजाराच्या दिवशी लावायचं, तेही बोटानं. बाकीचे दिवस काडी आणि पाणी. “घासायचं न्हाय, पुसायचं,” असं प्रत्येकाला सांगायचा. मला त्या सांगण्याचा कंटाळा यायचा.

तुम्हाला दातांची एवढी काळजी का, हे मी मेंढरांमुळं समजलो होतो. तुम्ही मेंढीचा जबडा उघडून अंगठ्यानं दात चाचपता आहात, दोन दाती, चार दाती असं तिचं वय सांगता आहात, हे आत्ता लिहितानाही मला दिसतं आहे. खडकाळ माळावर चरून चरून एखाद्या मेंढीचे दात झिजून गेलेले असले की तुम्ही तिचं तोंड बंद करून तिला थोपटता. मी विचारतो, काय झालं? तुम्ही म्हणता, “हिच्यापुढं आता हिरवंगार रान असलं तरी ही उपाशीच.” त्या मेंढीला मग तुम्ही भिजवलेली पेंड हातानं चारायचा.

आणि तो दिवसही तुम्हाला आठवत असेल. माझं लग्न होऊन पंधरा दिवस झाले होते. तुम्ही मेंढरांकडं होता, डबे घेऊन माणसं आली होती, आणि मी नव्या बायकोसमोर मोठेपणा करायचा म्हणून पहिल्या डेऱ्यातलीच पूड वाळवून डबे भरले. तुम्ही आलात. डब्यातली चिमूटभर पूड घेतलीत, खुंटीवरच्या कंदिलाची काच काढलीत, तिच्यावर बोटानं पूड चोळलीत आणि काच उन्हात धरलीत. काचेवर बारीक ओरखडे होते. दर वेळी डबे भरायच्या आधी तुम्ही असंच बघायचा, ओरखडा उठला तर सगळं फेकायचा. मी ते केलं नव्हतं. तुम्ही सगळ्यांसमोर डबे उकिरड्यावर रिकामे केलेत आणि मला म्हणालात, “काच खराब झाली तर बाजारातनं दुसरी आणीन. ह्या माणसांना दुसरे दात कुठनं आणून देऊ? सांग की.” दाराआडून माझी बायको बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याच पावली अणदूरला बहिणीकडं निघून गेलो आणि आठवडाभर आलो नाही. आल्यावर पुन्हा त्या कामाला हात लावला नाही. तुम्हीही बोलावलं नाहीत. तुम्ही गेल्यावर माणसं डबे घेऊन आली तेव्हा मी सांगितलं, ते अण्णांबरोबर गेलं. तेव्हा खरं बोललो होतो.

आता मी काय केलं ते ऐका. बाभळीची साल आणली, जाळली, इथपर्यंत तुमचंच. मग उखळ कुठं आहे? मी मिक्सर घेतला. तुमची सून, म्हणजे माझी बायको, ओरडली, “आवं, शेंगाच्या चटणीचं भांडं हाय ते! त्यात कोळसा फिरवताय? उद्या चटणी काळी आली तर पोरगं ताट भिरकावील.” मी म्हणालो, धुऊन देतो. पूड पिठाच्या चाळणीनं चाळली. पाण्यात घालून निवळत ठेवायला नको म्हटलं, पोरीला घाई आहे. खरं म्हणजे घाई मलाच होती. त्यातच नातीनं मोबाईलवर पुन्हा दाखवलं की लिंबाची साल आणि खायचा सोडा घातला की दात लवकर उजळतात. मी पत्र्यावर लिंबाच्या साली वाळवल्या, कुटल्या आणि घातल्या. वरून सांगितलं, मळताना लिंबाचे दोन थेंब पिळ. “आणि किती वेळा लावू, आबा?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “सकाळ-संध्याकाळ. ब्रशनं चांगलं घास. जेवढं घासशील तेवढं उजळ.” काचेवर घासून बघायचं मला आठवलं सुद्धा नाही, असं लिहिणार होतो. पण आठवलं होतं. आठवलं आणि म्हटलं, हल्ली कंदील कुठं आहेत.

पहिल्या पंधरवड्यात दात खरंच पांढरे दिसायला लागले. मालकीणबाईंनी विचारलं म्हणे, काय लावतीस? तिनं सांगितलं, आमच्या पणजोबांचं मंजन हाय, लई जुनं. माझा ऊर भरून आला. मी दुसरा डबा केला, मग तिसरा. मग एक दिवस ती माठातलं पाणी प्यायली आणि गालाला हात लावून उभी राहिली. मी विचारलं, काय झालं गं? म्हणाली, काय न्हाय, ठणकलं जरा. मग चिंच खाईना. मग पाणी कोमट करून प्यायला लागली. बसमध्ये खिडकीचा वारा लागला तरी कळ जाते म्हणाली, म्हणून तोंडाला ओढणी बांधायला लागली. मी रोज संध्याकाळी ती आली की तिच्याकडं बघायचो. दातांच्या कडा पुढं पुढं काचेसारख्या आरपार दिसायला लागल्या आणि हिरडीजवळ आधीपेक्षा जास्त पिवळं. पण बोललो नाही. मनाला समजावलं, की पांढरं व्हायच्या आधी असं होत असेल.

शेवटी तुमच्या सुनेनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “पोरगी डाव्या अंगानं जेवतीया. दवाखान्यात न्या.” मुलाला रजा नव्हती, म्हणून तिच्याबरोबर मी गेलो. दाताची डॉक्टरीण तरणी होती, नातीहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल. तिनं दिवा लावून बराच वेळ बघितलं. मग डबा मागितला. नातीनं पर्समधून काढून दिला. डॉक्टरीणबाईंनी पूड दोन बोटांत घेऊन चोळली, वास घेतला. “लिंबू आहे यात?” नात म्हणाली, व्हय. मग त्यांनी मला समोरच्या खुर्चीवर बसवून समजावलं, कारण माझा चेहरा पडला होता हे त्यांनाही दिसलं असावं.

त्या म्हणाल्या, “आजोबा, दाताच्या वर एक कडक कवच असतं. शरीरात त्याच्याइतकं कडक दुसरं काही नाही, हाडसुद्धा नाही. पण नख कापलं तर वाढतं, केस कापले तर वाढतात, हे गेलं की परत येत नाही. लिंबानं ते कवच मऊ पडतं. सारवण ओलं असताना त्याच्यावर खराटा मारला तर काय होईल? सारवण निघून येईल. तसंच झालंय. लिंबानं मऊ झालं आणि या खरखरीत कोळशानं खरवडून निघालं, रोज दोनदा. सुरुवातीला पांढरं दिसतं, कारण वरचा चहाचा वगैरे थर निघतो. मग कवचच पातळ होतं आणि आतला भाग दिसायला लागतो. तो मुळातच पिवळा असतो. म्हणजे पांढरं करता करता उलट पिवळं.” मी विचारलं, मग ते जुने डाग? “ते पाण्याचे डाग वर बसलेले नाहीत. दात तयार होतानाच आत मुरलेत. घासून ते जाणारच नव्हते.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “झाडपाल्याचं आहे म्हणजे अपाय नाही असं लोकांना वाटतं,” त्या म्हणाल्या. “लिंबूही झाडाचंच आहे.”

मग त्यांनी विचारलं, “हे मंजन बनवलं कुणी?”

नात म्हणाली, “घरातलंच आहे. आमच्या पणजोबांची रीत आहे.” ती माझी बाजू घेत होती, अण्णा. मला बोल लागू नये म्हणून तिनं तुमचं नाव पुढं केलं. डॉक्टरीणबाई सुस्कारा सोडून म्हणाल्या, “जुन्या माणसांना काय माहीत असणार? त्यांनी चांगल्या भावनेनंच केलं असेल. पण असे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात आणि दात घालवतात.” आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, “हो ना आजोबा?”

मी मान हलवली. एवढंच सांगायला ही वही उघडली आहे.

घरी आलो. नातीला मऊ ब्रश, वेगळी पेस्ट आणि महिन्यानं परत यायला सांगितलं होतं. जे गेलं ते परत येणार नाही, उरलेलं सांभाळायचं. मुलगा कामावरून आल्यावर सगळं ऐकून म्हणाला, “म्हंजे आमच्या आजानं गावाचे किती दात खाल्ले असतील, देव जाणे. आणि माणसं डबे घेऊन रांगेत उभी ऱ्हायची!” सूनबाईला हसू आलं. नातसुद्धा हसली, कोमट पाण्याचा तांब्या हातात धरून. फक्त माझी बायको हसली नाही. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “मामंजी जायच्या दिवसापत्तोर हरभरे फोडून खात हुते. एक दात हालला नव्हता त्यांचा.” आणि मग माझ्याकडं बघितलं. तिनं दाराआडून कंदिलाची काच पाहिली होती, आणि मिक्सरचं भांडंही तिनंच मागून पुन्हा घासलं होतं. मी ताटात बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढीचा आरसा उन्हात नेला आणि डब्यातली उरलेली पूड त्याच्या कोपऱ्यावर चोळली. पुसून बघितलं. तुम्हाला सांगायला नको. आरसा आता तसाच आहे, दाढी करताना त्या कोपऱ्यात माझा गाल फाटल्यासारखा दिसतो. डबे उकिरड्यावर रिकामे केले. मग वाटलं, हे कुणाला तरी सांगितलं पाहिजे, आणि कुणाला सांगायचं ते सुचेना म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. आता शेजारच्या दारात बायकोचा आवाज येतोय, वही बंद करतो.

चार दिवस वही उघडली नाही. मध्ये बुधवार आला. बुधवारी नातीला सुट्टी असते. ती ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत बसली होती, मी समोर जाऊन बसलो. तीन-चार वेळा घसा खाकरला. ती म्हणाली, “आबा, खोकल्याचं औषध आणू का?” मी म्हणालो, नको. मग एका दमात सांगून टाकलं. “पोरी, ते मंजन तुझ्या पणजोबांचं नव्हतं.”

“मग कुणाचं?”

“माझं. त्यांनी कधी लिंबू घातलं न्हाय. कोळसा पाण्यात निवळून घ्यायचे, खरबरीत सगळं टाकून द्यायचे. आठवड्यातनं एकदा, बोटानं. मी मिक्सरला फिरवलं आणि तुला म्हणालो दोनदा घास.”

“लिंबू तर मीच दाखवलं की तुम्हाला मोबाईलवर.”

“तू दाखवलंस. पण पणजोबांचं म्हणून मी दिलं.”

ती शेंगा मोडायची थांबली. “मग डॉक्टरीणबाई बोलत हुत्या तवा का न्हाय बोलला?”

“लाज वाटली.”

“आन पप्पा हसत हुते तवा?”

“तवाबी.”

मला वाटलं, ती दातांवरून रागावेल. ती खाली बघून म्हणाली, “आबा, माझे दात दोन महिने दुखत हुते. बाहेरचं असतं तर पहिल्याच दिवशी फेकलं असतं. घरचं हाय, पणजोबांचं हाय, म्हणून घासत ऱ्हायले.” आणि शेंगांची पाटी उचलून आत गेली. आतून तुमच्या सुनेनं विचारलं, काय झालं गं? नात म्हणाली, काय न्हाय.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. चहा ठेवला, गोळी घ्या, एवढंच. मला तुमचा तो आठवडा आठवला, मी अणदूरला जाऊन बसलो होतो तो. तेव्हा रागावलेला मी होतो आणि चूकही माझीच होती. तुम्ही त्या आठवड्यात घरी काय करत होता, मला कधी विचारावंसं वाटलं नाही. बायको सांगते, तुम्ही रोज संध्याकाळी फाट्यापर्यंत जाऊन यायचा.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, ती कामावरून आली, हातपाय धुतले आणि कागद-पेन घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, “सांगा. पणजोबांचं खरं कसं हुतं ते सांगा, मी लिहून घेते.” मी घाबरून म्हणालो, अगं, आता काही लावू नकोस बाई, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? “लावायला न्हाय हो. ते तरी दाताला चांगलं हुतं का, कुणास ठाऊक. पण त्यांनी जे केलं न्हाय ते त्यांच्या नावावर नको. पप्पांना वाचून दाखवायचंय मला. आन पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना.” मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. साल कशी जाळायची, मातीनं कशी दाबायची, उखळ, धोतराचं फडकं, पहिला डेरा, दुसरा डेरा. बाजाराचा दिवस. घासायचं नाही, पुसायचं. काचेचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “भारीच की. असं आमच्या कॉलेजातबी शिकवलं न्हाय कुणी.” तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं तेव्हा तिच्या नजरेत राग नव्हता.

मग तिनं विचारलं, “आन दुसऱ्या डेऱ्यातलं पाणी किती दिवस झाकून ठेवायचं?”

मी म्हणालो, “तीन.”

तिनं लिहिलं. जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. मुलगा घास हातात धरून ऐकत राहिला आणि म्हणाला, “तीन दिवस थांबायचे? एवढ्या ओंजळभर पुडीसाठी? मानायला पाहिजे बाबा म्हाताऱ्याला.” तुमची सून पदरानं डोळे पुसत होती. मी पाणी प्यायलो.

ही पानं वहीतून फाडून माझ्या ट्रंकेत ठेवतो आहे, नात वही मागायच्या आत. अण्णा, ते तीन दिवस मी अंदाजानं सांगितले. तो कोपरा तुमचा होता, मी तिकडं कधी बघितलंच नाही. दोन दिवस असतील, आठ असतील. मला माहीत नाही, एवढं म्हणायला काल पुन्हा जीभ उचलली नाही.